चोथा आला की गॅस मरतो: दर हंगामात आंबणारी बायोगॅस टाकी कशी सावरायची

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाड, विंचूर या पट्ट्यात ज्यांनी फळप्रक्रियेच्या कचऱ्यावर बायोगॅसची टाकी बांधली, त्यांची तक्रार दर वर्षी एकाच सुमारास येते. डिसेंबरपर्यंत टाकी बरी चालते. जानेवारीत वायनरीचं क्रशिंग सुरू होतं, द्राक्षं दाबून उरलेल्या चोथ्याच्या ट्रॉल्या रिकाम्या व्हायला लागतात. पहिले तीन-चार दिवस गॅस उलट वाढतो, फुगा ताठ होतो, सगळे खूश. मग ज्योत पिवळी पडते, बर्नरवरून उडायला लागते, आणि आठवडाभरात अशी वेळ येते की फुगा भरलेला असतो पण गॅस पेटत नाही. टाकीजवळ व्हिनेगरसारखा वास. कुणीतरी म्हणतं, कल्चर (गॅस करणारे जिवाणू) मेलं. कुणीतरी चुन्याची गोणी आणतं. टाकी चार दिवस सावरल्यासारखी वाटते आणि परत बसते. मार्चअखेर ती उपसून शेणाने नव्याने भरायची, आणि पुढच्या जानेवारीला पुन्हा पहिले पाढे.

कल्चरला दोष देण्यात अर्थ नाही. टाकी बसते ती भरवण्याच्या हिशेबामुळे. दोन महिन्यांचा हंगाम दोन महिन्यांतच टाकीत घालायचा अट्टाहास सोडला, तर यातली बहुतेक दुखणी होतच नाहीत.

आधी बघा, टाकी खरंच आंबली आहे का

गॅस कमी झाला म्हणजे टाकी आंबलीच असं नाही. सामू (पीएच) मोजा. पट्टी चालेल, पण शेतीच्या दुकानात मिळणारा हातातला मीटर बरा. टाकीच्या बाहेरच्या तोंडाशी साचलेली स्लरी घेऊ नका, आतली ताजी घ्या. सामू ६.८ ते ७.५ दरम्यान आहे आणि तरी गॅस कमी आहे, तर आंबण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी तपासा. एक, गळती: साबणाचं पाणी घेऊन जोड, व्हॉल्व्ह आणि फुग्याच्या शिवणी बघा. दोन, खपली: द्राक्षाची सालं हलकी असतात, वर तरंगतात, एकमेकांत अडकून जाड थर धरतात आणि खाली तयार झालेला गॅस वर येऊ देत नाहीत. खपलीवर औषध नाही. ढवळणं वाढवायचं, आणि पुढच्या वेळी चोथा एक सेंटिमीटरच्या आत बारीक करूनच घालायचा. खपली फोडायला माणूस आत उतरवू नका, झाकण उघडून डोकं आत घालूनही बघू नका. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडचा वास जास्त प्रमाणात असला की नाकाला कळेनासा होतो, आणि माणूस तिथेच कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो.

सामू ६.५ च्या खाली गेला असेल तर टाकी आंबली आहे, यात शंका नको. पण खरी अडचण वेगळी आहे. सामू सगळ्यांत शेवटी पडतो. स्लरीत बायकार्बोनेटचा साठा असतो, तो तयार होणारं आम्ल गिळत राहतो, आणि तो संपेपर्यंत मीटरवर ७ च दिसतं. साठा संपला की दोन दिवसांत ७ चं ६ होतं. म्हणजे रोज सामू लिहून ठेवणाऱ्यालाही आग लागल्यावरच कळतं.

लवकर कळणाऱ्या दोन खुणा आहेत. पहिली म्हणजे गॅसमधला कार्बन डायऑक्साइड. ५० मिलीची सिरिंज घ्या, तिच्यात ४० मिली गॅस ओढा, मग कॉस्टिक सोड्याचं दहा टक्क्यांचं थोडं द्रावण ओढून तोंड बंद करा आणि हलवा. कार्बन डायऑक्साइड द्रावणात जिरतो, उरतो तो जवळपास सगळा मिथेन. २४ मिली उरला तर मिथेन ६० टक्के, टाकी ठणठणीत. उरलेला गॅस २० मिलीच्या खाली यायला लागला की भरणी थांबवायची वेळ आली, मग सामू काहीही असो. हातमोजे आणि चष्मा मात्र घाला. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर डोळा जातो.

दुसरी खूण जरा प्रयोगशाळेची आहे, पण वायनरी किंवा पल्प युनिटमध्ये आम्लता मोजायचा ब्युरेट (थेंब मोजून सोडायची काचेची नळी) असतोच, त्याच्यावर होते. स्लरी गाळून २० मिली घ्या. ०.१ नॉर्मल गंधकाम्ल थेंब थेंब घालत सामू ५ वर आणा. किती मिली लागलं ते लिहा, त्याला ‘अ’ म्हणू. तसंच पुढे ४.४ वर आणा. या दुसऱ्या टप्प्यात जास्तीचं लागलं ते ‘ब’. अल्कलिनिटी, म्हणजे स्लरीची आम्ल गिळायची ताकद, ही अ गुणिले २५०. आम्ल म्हणजे ब गुणिले १.६६, त्यातून ०.१५ वजा, आणि आलेल्याला ५०० ने गुणा. आम्लाला अल्कलिनिटीने भागा. उत्तर ०.३ ते ०.४ असेल तर काळजी नाही. समजा अ १२ आला आणि ब १.२, तर उत्तर ०.३१ येतं. तोच ब २ झाला की ०.५३, इथे भरणी निम्मी करा. अ ८ आणि ब ३.२ असेल तर उत्तर १.२९, म्हणजे टाकी आंबलेलीच. क्रशिंगच्या दिवसांत ही चाचणी आठवड्यातून दोनदा केली तर चुन्याची गोणी आणायची वेळ येत नाही.

आंबलेली टाकी सावरताना

भरणी पूर्ण बंद. ‘थोडंसं घालू, उपाशी नको’ हे इथे चालत नाही. आत आधीच खाण्याचा ढीग पडलेला आहे, खाणाऱ्यांना तो उपसायला वेळ द्यायचा आहे.

आत घडतं ते असं. एका जातीचे जिवाणू साखरेचं आम्ल करतात, दुसऱ्या जातीचे त्या आम्लाचा मिथेन करतात. पहिल्यांची संख्या काही तासांत दुप्पट होते, दुसऱ्यांना काही दिवस लागतात, काहींना त्याहून जास्त. द्राक्ष-टोमॅटोसारखा गोड, पाणीदार माल आला की पहिले धुमाकूळ घालतात. पहिली पंगत उठायच्या आत दुसरी, दुसरीवर तिसरी बसवली की वाढप्यांचे जे हाल होतात ते मिथेनवाल्यांचे होतात. आम्ल साचतं, सामू पडतो, आणि सामू ६.५ च्या खाली गेला की ते कामच सोडतात. आम्ल करणारे मात्र साडेपाचलाही मजेत असतात. म्हणून एकदा घसरायला लागलेली टाकी आपोआप थांबत नाही.

भरणी बंद केल्यावर ढवळणं चालू ठेवा, पण हळू. मग सोडा. इथे माझं मत ठाम आहे: चुना नको, खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट वापरा. चुना स्वस्त पडतो हे खरं, पण तो आधी टाकीतला कार्बन डायऑक्साइड खातो. बंद टाकीत त्यामुळे दाब एकदम उतरतो, कधी बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि हवेतला ऑक्सिजन मिथेनवाल्यांना विष आहे. वर त्याचा खडूसारखा गाळ तळाशी बसतो, पाइपात धरतो. आणि अंदाजाने गोणी ओतली की सामू साडेआठवर उडतो, मग शेणातला अमोनिया डोकं वर काढतो. आम्लाने न मेलेलं कल्चर अशा वेळी चुन्याने मरतं.

सोड्याचा हिशेब सोपा आहे. स्लरीची अल्कलिनिटी लिटरला १००० मिलिग्रॅमने वाढवायची तर दर घनमीटरला साधारण १.७ किलो सोडा लागतो. ३० घनमीटर स्लरी असलेल्या टाकीला ५० किलोची एक गोणी. ती एकदम ओतायची नाही; तीन-चार दिवसांत विभागून, कोमट पाण्यात विरघळवून, दर वेळी सामू बघत. ६.८ झाला की थांबा. एका गोणीने सोडियम फार वाढत नाही. पण दर आठवड्याला गोणी ओतायची सवय लावून घेतलीत तर सोडियम साचतो आणि लिटरला साडेतीन ग्रॅमच्या पुढे तोच त्रास द्यायला लागतो. सोडा हा कुबडीपुरता.

त्याच वेळी शेजारच्या एखाद्या चांगल्या चालणाऱ्या गोबरगॅसमधून ताजी स्लरी आणा. टाकीच्या दहावा-पाचवा हिस्सा आणता आली तर उत्तम. बाजारातल्या ‘कल्चर पावडर’च्या पुड्यांपेक्षा ती शेकडो पट बरी, आणि फुकट. शेजाऱ्याचा गॅस निळा जळतो ना, तेवढं बघून घ्या.

ज्योत पुन्हा निळी, सामू ६.८ च्या वर आणि वरची चाचणी ०.४ च्या आत, हे तिन्ही जमल्यावरच भरणी सुरू करा, तीही नेहमीच्या चौथ्या हिश्शाने. मग दर चार-पाच दिवसांनी थोडी थोडी वाढवा. इथे घाई करणारे पंधरवड्यात पुन्हा त्याच जागी येतात.

टनाला टन सारखा नसतो

आता मूळ दुखण्याकडे. जवळपास प्रत्येक मालक हेच विचारतो: ‘ऑक्टोबरात रोज टनभर टोमॅटो पचत होता, मग टनभर चोथा का पचत नाही?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर पाण्यात आहे.

टाकीला वजन कळत नाही, तिला फक्त पचण्यासारखा घन भाग कळतो. टोमॅटोत तो शेकडा पाचच्या आसपास. बाकी बहुतेक पाणी. वायनरीतून दाबून आलेल्या चोथ्यात पाणी ६५ टक्क्यांच्या घरात, आणि सेंद्रिय घन भाग शेकडा ३० च्या आसपास. म्हणजे एक टन चोथा हा टाकीच्या हिशेबात सहा टन टोमॅटो झाला.

न तापवलेल्या, साध्या ढवळणीच्या टाकीला फळांच्या कचऱ्यावर दर घनमीटरला रोज दोन किलोच्या वर सेंद्रिय घन भाग देऊ नये. ३० घनमीटरला रोज ६० किलो. टोमॅटोत ते १२०० किलो होतात. चोथ्यात फक्त २०० किलो. पिंपळगावच्या बाजाराचा नाकारलेला टोमॅटो जिरवणारी टाकी चोथ्याच्या पहिल्याच ट्रॉलीला का बसते, हे या दोन आकड्यांत आहे.

टोमॅटोचं दुखणं उलटं असतं, तेही सांगून टाकतो. त्यात पाणी इतकं की माल टाकीत राहतच नाही. रोज दोन-अडीच टन ओतलेत तर ३० घनमीटरची टाकी बारा दिवसांत बदलून जाते, आणि हळू वाढणारे मिथेनवाले बाहेरच्या खड्ड्यात वाहून जातात. गॅस कमी, सामू पडलेला, पण कारण धुऊन जाण्याचं. माल टाकीत निदान २५ दिवस राहिला पाहिजे. टोमॅटो घालताना वरून पाणी घालायचं नाही. हे वाचून हसू येईल, पण ‘गोबरगॅसमध्ये एकास एक पाणी’ हे शेणाचं गणित टोमॅटोलाही लावणारे आहेत.

चोथ्याला मात्र पाणी लागतं. २०० किलो चोथ्याला पाच-सहाशे लिटर. त्यातलं निम्मं तरी टाकीतून बाहेर पडलेलं पातळच परत वापरा. त्यात बायकार्बोनेट असतं, जिवाणू असतात, आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकरही वाचतो.

पांढऱ्याचा चोथा आणि लालचा चोथा

वायनरीवाले दोन्हीला चोथाच म्हणतात, पण टाकीसाठी ते दोन वेगळे माल आहेत. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्ष आधी दाबतात आणि रस आंबवतात, त्यामुळे चोथ्यात साखर तशीच राहिलेली असते. लाल वाइन सालांसकट आंबते आणि मग दाबली जाते. त्या चोथ्यातली साखर संपलेली असते, थोडा अल्कोहोल उरतो, टॅनिन भरपूर. पांढऱ्याचा चोथा टाकीला झटक्यात आंबवतो. लालचा चोथा हळू पचतो, गॅस कमी देतो, पण धक्का देत नाही.

आणि येतात कोणत्या क्रमाने? शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां आधी, शिराज, कॅबरने मागाहून. म्हणजे सगळ्यांत धोकादायक माल हंगामाच्या तोंडाशी येतो, नेमका जेव्हा निफाडात पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला असतो. मिथेनवाल्यांना ३५ ते ३८ अंश आवडतात. स्लरी २० च्या खाली गेली की ते पेंगतात. आम्लवाले तितके पेंगत नाहीत. साखर, थंडी आणि ट्रॉल्यांची रांग, तिन्ही एकाच पंधरवड्यात. जानेवारीतच टाक्या का बसतात, यात मला तरी काही गूढ दिसत नाही.

थंडीवर करण्यासारखं बरंच आहे. चोथा कालवायला बॉयलरचं कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) किंवा सोलरचं गरम पाणी वापरा. लोखंडी डोमची टाकी असेल तर रात्री ताडपत्री आणि पाचट टाका. लोखंडातून उष्णता भसाभस जाते. मक्याचं भुसकटही चालतं. आणि काहीच जमत नसेल तर जानेवारीपुरती भरणी दोन किलोवरून एक-सव्वा किलोवर आणा.

हंगाम टाकीत नको, बॅगेत ठेवा

समजा एका वायनरीतून दोन महिने रोज एक टन चोथा निघतो. साठ टन. तो आला तसा घालायचा तर दोन किलोच्या हिशेबाने १५० घनमीटरची टाकी लागेल, आणि ती उरलेले दहा महिने उपाशी राहील. तोच माल ३०० दिवस पुरवला तर रोजचा होतो २०० किलो. वरच्या ३० घनमीटरच्या टाकीला बरोबर पुरेल इतका.

साठवायचा कसा, याचं उत्तर जिल्ह्यातल्या प्रत्येक गोठ्यात आहे: मुरघास. मक्याचा मुरघास करणाऱ्याला चोथ्याचा मुरघास शिकवावा लागत नाही. मुरघास ६५-७० टक्के ओलाव्यावर चांगला होतो आणि दाबलेला चोथा आपसूकच त्याच्या आसपास असतो. बॅगेत किंवा खड्ड्यात थर देत तुडवायचा, हवा राहू द्यायची नाही, तोंड घट्ट बांधायचं. लालचा चोथा तसाच मुरतो. पांढऱ्याच्या चोथ्यातून रस गळतो, त्यात साखर असते, तो जमिनीत किंवा नाल्यात सोडू नका; खाली कोरडा मक्याचा कडबा किंवा भुसा घातला की तो रस धरून ठेवतो. साखर बरीचशी बॅगेतच लॅक्टिक आम्लात जाते. तेही शेवटी आम्लच, त्यामुळे मुरघासाचा चोथा बेताने घालायचा हा नियम सुटत नाही. पण भरणी रोज सारखी राहते, आणि टाकीला सगळ्यांत जास्त मानवतं ते हे सारखेपण. बॅग एकदा फोडली की आठ-दहा दिवसांत संपवा. उंदरांचा बंदोबस्त ज्याचा त्याने करायचा.

याला खर्च येतो, जागा लागते, मान्य. पण दर वर्षी टाकी उपसून भरण्याच्या खर्चाशेजारी तो मांडून बघा.

टाकीत जाऊ नये असं

बी. द्राक्षाचं बी पचत नाही, तळाशी बसतं, वाळूबरोबर थर धरतं आणि दोन-तीन वर्षांत टाकीचं पोट लहान करून ठेवतं. चोथा चाळणीवरून नेऊन बी आधी वेगळं काढा. त्यात शेकडा १० ते १५ च्या आसपास तेल असतं, आणि द्राक्षबियांच्या तेलाला सौंदर्यप्रसाधनांत मागणी आहे. अट एकच, बी लगेच वाळलं पाहिजे. ओल्या ढिगाला एका रात्रीत बुरशी लागते. ज्यांच्याकडे बेदाण्याचं शेड आहे त्यांची रॅक या कामाला उत्तम. जागा नसेल तर निदान बी वाळवून बॉयलरला जाळा.

डाळिंबाची साल. सटाणा-देवळा-मालेगावकडे दाणे काढणारी युनिट आहेत, तिथे साल आणि आतले पडदे मिळून फळाच्या जवळपास निम्मं वजन कचऱ्यात जातं. त्यातलं टॅनिन मिथेनवाल्यांना बाधतं. रोजच्या भरणीत शेकडा दहाच्या वर मी ती जाऊ देत नाही. खरं तर ती टाकीत घालणंच तोट्याचं. वाळवलेली साल नैसर्गिक रंगकामात वापरतात, आयुर्वेदिक काढे-चूर्णवाले घेतात. सावलीत वाळवा, काळी पडलेली कुणी घेत नाही.

मोसंबी-संत्र्याची साल. ज्यूसवाल्यांकडून फुकट मिळते म्हणून लोक आणतात. तिच्यातल्या तेलात लिमोनीन असतं, ते सरळ जिवाणूनाशकच आहे. नकोच.

कांदा हे काही फळ नाही, पण लासलगाव जवळ असल्यावर तो टाकीत येणारच. पचतो चांगला, फक्त त्यातल्या गंधकामुळे हायड्रोजन सल्फाइड वाढतो आणि जनरेटरचं इंजिन आतून खातो. गॅसच्या वाटेवर लोखंडाच्या किसाचा डबा बसवल्याशिवाय कांदा घालू नका.

रसायनं. सगळं बरोबर असूनही टाकी उठत नसेल, सामू ७ वर आणला, भरणी बंद ठेवली, ताजी स्लरी घातली, तरी महिनाभर मेलेलीच, तर विषाचा संशय घ्या. पल्प युनिटमध्ये साल काढायला वापरलेलं कॉस्टिक, क्रेट आणि फरशी धुतलेलं क्लोरीनचं पाणी, वायनरीत टाक्या निर्जंतुक करायची द्रावणं, बॅरलला दिलेला गंधकाचा धूर किंवा केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट). यांचं धुवण टाकीच्या गटाराला जोडलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात नसतं. ती लाइन वेगळी करा. बागेतली नाकारलेली द्राक्षं आणि पाला घालत असाल तर मोरचुदाचाही विचार करा. डाऊनी रोगासाठी मारलेल्या बोर्डो मिश्रणातलं तांबं पाल्यावर राहतं, टाकीत ते साचत जातं. भुरीसाठी मारलेलं गंधक पुन्हा हायड्रोजन सल्फाइडच वाढवतं. घड चालतील, पाला नको.

शेण सोडू नका

‘फळांवरच चालवायची, शेण कशाला’ असं म्हणून शेण बंद करणारे बरेच आहेत. काही महिने टाकी चालतेही. पण फळांच्या कचऱ्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. कर्ब-नत्राचं प्रमाण २० ते ३० दरम्यान लागतं. नत्रातूनच अमोनिया आणि त्यातून अल्कलिनिटी तयार होते. नत्र नाही तर आम्ल गिळणारा साठाच नाही. शिवाय मिथेनवाल्यांना कोबाल्ट, निकेल, लोह ही मूलद्रव्यं कणभर का होईना लागतात, आणि नुसत्या द्राक्ष-टोमॅटोत ती पुरेशी नसतात. शेणात ही सगळी येतात. एकूण घन भागाचा पाव ते तिसरा हिस्सा शेणाचा ठेवा. शेण कमी पडत असेल तर कोंबडीची विष्ठा चालते, पण तिच्यात नत्र इतकं की मुठीने घालायची, पाटीने नाही. युरिया टाकणारेही भेटतात. अगदी थोडा चालतो. अंदाजाने टाकलेला मारतो.

नाशिकला विल्होळीला महापालिकेने जर्मनीच्या जीआयझेड या विकास-सहकार्य संस्थेच्या मदतीने उभारलेला, २०१७ मध्ये सुरू झालेला ३० टन क्षमतेचा कचऱ्यापासून वीज करायचा प्रकल्प आहे. तिथे हॉटेलांच्या ओल्या कचऱ्यात सार्वजनिक शौचालयांचा मैला मिसळतात. त्यामागचं शास्त्र हेच: लवकर आंबणाऱ्या मालाला नत्राची जोड. बागेला स्लरी देणाऱ्याने मैल्याच्या वाटेला जाऊ नये, निर्यातीच्या तपासण्यांत उत्तरं देत बसावं लागेल.

गॅस किती मिळावा, याची अपेक्षा आधीच ठरवून घ्या, म्हणजे नसलेला बिघाड शोधत बसायला नको. ६० किलो सेंद्रिय घन भाग टोमॅटोचा असेल तर रोज तीसेक घनमीटर गॅस निघावा. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम एलपीजी, तेव्हा तीस घनमीटरात १३-१४ किलो. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो, त्यावरून ताडा. तेवढाच घन भाग चोथ्याचा असेल तर गॅस निम्म्याच्या आसपास येईल. सालांत आणि बियांत लाकडासारखा भाग बराच, तो टाकीत पचत नाही. चोथ्यावर टोमॅटोइतका गॅस देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला घन भाग किती धरला ते विचारा.

राहिली स्लरी. चोथ्याच्या स्लरीत पालाश चांगला असतो, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ती बागेला उपयोगी पडते. पण आंबलेल्या टाकीची स्लरी मुळाशी सोडू नका, तिच्यातली आम्लं पांढरी मुळी जाळतात. शंका असेल तर स्लरी दहापट पाण्यात पातळ करून ओल्या फडक्यावर मेथीचे दाणे टाका, शेजारी साध्या पाण्यावर तितकेच. दोन्हीकडे सारखे मोड आले तर बागेला द्या. नाही आले तर कंपोस्टच्या ढिगावर, छाटणीच्या बारीक केलेल्या काड्यांबरोबर.

एवढं करूनही टाकी उठली नाही आणि कुणाला बोलवायची वेळ आली, तर फोन करण्याआधी हे कागदावर लिहून ठेवा: टाकीत स्लरी किती घनमीटर, गेल्या पंधरा दिवसांत रोज काय आणि किती किलो घातलं, चोथा पांढऱ्याचा की लालचा, शेण किती, स्लरीचं सकाळचं तापमान, सामू, सिरिंजमध्ये उरलेला गॅस, आणि धुण्याच्या पाण्याची लाइन कुठे जाते. ‘गॅस येत नाही’ एवढंच ऐकून जो सरळ कल्चरचं कोटेशन पाठवतो, त्याला बोलवू नका.